उभ्या गाडीचा ॲक्सल

खमैस सकाळपासून ॲक्सल घासत होता. पिकअपचा मागचा ॲक्सल त्याने सोडवून बहिणीच्या अंगणात ऑलिव्हच्या दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता, आणि तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे काढत होता. जरजीस गावाची हवाच तशी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठाचं रान. इथे लोखंडाला गंजायला निमित्त लागत नाही.

पिकअप भाच्याची, वजदीची. भंगारातून उचललेली ही जुनी पेजो त्याने मोठ्या हौसेने उघडली, निम्मी खोलली, आणि एक दिवस कुणाला पत्ता लागू न देता होडीत बसून इटलीच्या दिशेने निघून गेला. मित्राकरवी आईला निरोप तेवढा धाडला, पोचलो की फोन करतो. त्याला आता दुसरा हिवाळा लागत होता. फोन आला नव्हता. त्या होडीतल्या कोणाचाच आला नव्हता.

खमैस काय समजायचं ते समजला होता. पण बहिणीला सांगणार कोण? मबरूका एकदा नुसतं म्हणाली, "गाडी अशीच पडून राहायची का?" आणि हा दुसऱ्या दिवशी पाने-पकडी घेऊन हजर. इंजिन झालं, ब्रेक झाले. काम चालू आहे तोवर ती उठते, चहा ठेवते, चार शब्द बोलते, एवढ्यावर तो समाधान मानायचा. घरी परतताना मात्र आपण बहिणीशी रोज खोटं बोलतोय असं वाटून त्याला जेवण जायचं नाही.

मोपेडवर ऑलिव्हची पोती लादून चाललेला शेजारचा अमारा फाटकाशी थांबला.

"काय खमैस, गाडीच्या पोटाखाली कोण बघायला जातंय? गाडी करतोयस का नवरी सजवतोयस?"

"तुझी मोपेड अशी घासायला घेतली तर हातात नुसतं हँडल उरेल."

अमारा हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "विकायची झाली तर आधी माझ्या कानावर घाल."

"मालक घरी नाही," मबरूका दारातून म्हणाली. "आला की त्यालाच विचार."

अमाराला कुठे बघावं कळेना. तो मोपेडला लाथ मारून निघून गेला.

दुपार कलेपर्यंत लोखंड उघडं पडलं. खमैसने रॉकेलच्या फडक्याने ते पुसून काढलं, कोरडं केलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. इथल्या हवेत उघडं लोखंड सकाळपर्यंत पुन्हा लाल होतं. त्याने लाल प्रायमरचा डबा उघडला. मबरूका चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"हा रंग किती टिकेल, भाऊ?"

"गाडी चालती राहिली तर पुष्कळ. अधूनमधून खाली वाकून बघायचं, उडाला असेल तिथे हात फिरवायचा."

"आणि उभीच राहिली तर?"

खमैस रंग ढवळू लागला. ढवळून झाला तरी ढवळत राहिला. "तर आतल्या आत गंज धरतो."

"ज्या बोटी कायमच्या काठावर ओढून ठेवतात, त्यांच्या यंत्रांना काय लावतात?"

"ग्रीस. जाड थापायचं आणि वरून कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या."

"ते किती टिकतं?"

"हलवलं नाही तर? आपल्याला पुरून उरेल."

ती आत गेली. चहा निवत होता. घरातून कापड फाटल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर निळ्या चौकडीच्या पट्ट्या होत्या. एका पट्टीवर बटणं तशीच होती. तो शर्ट खमैसने शंभरदा पाहिला होता, भाच्याच्या अंगावर.

"ग्रीसच लाव," ती म्हणाली.

खरं तर सुटलो म्हणायचं. जे तोंडातून काढायला तो इतके दिवस घाबरत होता, ते तिनेच आपणहून काढलं होतं. पण हातातला रंगाचा ब्रश काही खाली ठेववेना.

"रंगच लावू, मबरूका," तो म्हणाला. "अगं, कुठेतरी अडकला असेल. लिबियात पोरांना धरून ठेवतात, वर्ष वर्ष पत्ता लागू देत नाहीत. उद्या दारात येऊन उभा राहिला आणि गाडी अशी बांधून ठेवलेली दिसली, तर काय वाटेल त्याला?"

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. बहिणीची समजूत काढताना तो असा कधी चिरकला नव्हता.

मबरूका त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, रंगाच्या डब्यावर झाकण ठेवून तळव्याने दाबलं.

"मला कधीचंच कळलंय, भाऊ. तू रोज यायचास, म्हणून गप्प होते." तिने पट्ट्या गुडघ्यावर घेतल्या. "त्याला पोहायला तू शिकवलंस ना, म्हणून तुझं मन मानत नाही."

बेअरिंगसाठी आणलेला ग्रीसचा डबा तिने त्याच्याकडे सरकवला, आणि पहिली पट्टी दोन्ही हातांत ताणून धरून ती वाट पाहत राहिली.