लटारूभाऊंचं मरण

झाडीपट्टीच्या नाटकात मरावं तर लटारूभाऊंनीच, असं वडशापासून मुलचेऱ्यापर्यंत सगळे म्हणत. खलनायक त्यांच्यावर पिस्तूल रोखायचा आणि गोळीचा आवाज यायचा विंगेत बसलेल्या पुनमच्या लॅपटॉपमधून. बटण दाबल्यावर तो कधी लगेच यायचा, कधी दहा-दहा सेकंद अडकून बसायचा. तेवढ्या वेळात लटारूभाऊंच्या कपाळावर असा घाम फुटायचा, डोळ्यांत अशी भीती दाटायची, की मंडपातल्या बाया तोंडाला पदर लावत.

यंदा कळलं, लॅपटॉपचा मदरबोर्डच खराब आहे. वडशात दुरुस्तीचं दुकान असलेल्या अश्वजितने तो काढून त्याच लॅपटॉपला चालणारा, पण वरच्या दर्जाचा बोर्ड बसवून दिला. वर म्हणाला, "आता बटन दाबलं का आवाज. बिनधास्त मरा, भाऊ!"

पहिल्याच प्रयोगात गोळी वेळेवर वाजली आणि लटारूभाऊ वेळेवर पडले. मंडपातून एक टाळी आली नाही. पडल्यापडल्याच त्यांना पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला सांगताना ऐकू आली, "यंदा भाऊले मराचं भेवच नाई वाटून राह्यलं, बाई."

सकाळी अश्वजित दुकान उघडायला आला, तर पायरीवर लटारूभाऊ.

"जुना बोर्ड फेकला तं नाई ना? तोच बसवून दे."

"काऊन भाऊ? तो कवा अटकन, काई भरवसा नाई त्याचा."

 

"म्हणून तं पायजे! मले मराचं भेव कवाच नव्हतं, बाबू. गोळी वाजते का नाई, त्याचंच होतं."