खंडेनवमीचा नारळ

"मशीनला बाईच्या हातचा नारळ खपत नाही," असं म्हणत गुंजाळ मिस्त्रींनी वैजयंतीच्या हातातला नारळ काढून घेतला आणि रांगोळीचा डबा दिला. कारखान्यातली प्रेस बिघडली की वर्षभर हाक तिलाच मारायची. खंडेनवमीला मात्र या फिटरबाईची एकदम घरची सून व्हायची.

मिस्त्रींनी प्रेसला सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बटण दाबलं. प्रेस ढिम्म हलेना. फ्यूज बघून झाले, वायरी ओढून झाल्या. कुणीतरी पुटपुटलं, "रांगोळी काढताना बाईचा पाय लागला असेल."

वैजयंतीने प्रसादाचं ताट खाली ठेवलं. प्रेसमध्ये कुणाचा हात आला तर ती थांबावी म्हणून एक सेन्सर होता. त्याच्या काचेवर मिस्त्रींनी कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं होतं. तिने ते रुमालाने पुसलं. प्रेस धडधडू लागली.

मिस्त्रींनी डोळे मिटून हात जोडले. "देवी पावली!"

मालकांनी मात्र डोळे उघडे ठेवले होते.

पुढच्या खंडेनवमीला वैजयंतीने न विचारता नारळ उचलला आणि रांगोळीचा डबा मिस्त्रींपुढे सरकवला. मिस्त्रींनी आशेने मालकांकडे पाहिलं. मालक मान खाली घालून झेंडूची माळ ओवत होते. तासभर उकिडवे बसून मिस्त्रींनी जे काढलं, ते कमळ की कोबी हे कुणालाच कळेना. ओशाळून ते रांगोळी पुसू लागले.

"राहू द्या हो, मिस्त्री," हातातला नारळ जोखत वैजयंती म्हणाली, "मशीनला खपतं सगळं."