सातचं कार्ड

रोज सहाला डबा घेऊन कामावर निघणारा नवरा, किसन, आज आठ वाजता सरूबाईला कासारवाडीच्या फाटकाजवळ पिऊन पडलेला सापडला. त्याला घरी आणून निजवलं आणि ती तडक कारखान्यातल्या वेल्फेअर ऑफिसरकडे गेली.

“साहेब, आमच्या घरच्या मालकांचे हात सकाळी कापत्यात, डबा तसाच परत येतो. दारू सुटंल असं काही औषधपाणी बघा.”

तिला वर्षापासून शंका होती. पण कारखान्यात किसनच्याच खात्यात असलेला तिचा धाकटा भाऊ भीमराज दर वेळी म्हणायचा, “आक्का, येडी का काय तू? दाजी सातच्या ठोक्याला मशिनवर असत्यात. पिणाऱ्याला जमतं व्हय?”

साहेबांनी किसनचं हजेरीचं कार्ड मागवलं. “आजसुद्धा सहा अठ्ठावन्नला पंच झालंय, बाई. पिणाऱ्याचं कार्ड असं नसतं.” तरी त्यांनी भीमराजला बोलावून विचारलं, “किसन कुठंय?”

बहिणीकडे न बघता तो म्हणाला, “मशिनवर हाय, साहेब.”

सरूबाईनं पिशवीतून किसनचा भरलेला डबा काढून टेबलावर ठेवला.

“ते घरी पडल्यात, साहेब. त्यांना दवाखान्यात न्या. आन् कार्ड कुणी मारलं, ते ह्याला विचारा. माझा सख्खा भाऊ हाय हा.”