सरांची राहिलेली सीडी

आमचं ऑफिस इथून सांभाळतं त्या दुसऱ्या गावातल्या इस्पितळाचा सर्व्हर सकाळीच बंद पडला. तपासण्यांचे रिपोर्ट अडकले, रुग्ण ताटकळले. इथल्या संगणकात दुरुस्तीची सीडी घालून नेटवरून जोडली की तिथल्या सर्व्हरला ती आपल्याच पोटात असल्यासारखी वाटते. पण माझी सीडी काही केल्या जोडली जाईना. पडद्यावर एकच उत्तर: आधीची जोडणी चालू आहे. देवाचं नाव घेत शोधलं, तर गेल्या महिन्यात निवृत्त झालेल्या आमच्या सरांच्या, अजून चालूच असलेल्या संगणकात त्यांचीच सीडी राहिली होती. सीडी विसरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा नियमही त्यांचाच. ती काढली, माझी जोडली, सर्व्हर उठला. मग फोन लावला. "सर, चहा तुमच्याकडे लागला." "अगं, घरी बसलेल्याला कसला दंड?" "तुम्ही कधी कुणाला सोडलंत?" दुपारी ते आले, इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा थर्मास. "आणखी कुठे काही विसरलोय का," म्हणाले, "बघून ठेव."