घट कुणाकडं झुकला

आबाजींच्या तोंडात थुंकी आली. समोर घट नसता तर ते तिथंच थुंकले असते.

सातव्या माळेचा दिवस होता आणि घटातली पिवळी रोपं साफ डावीकडं लवली होती. डावीकडं म्हणजे थोरल्या कमलेशकडं. वाटणीचं भांडण झालं की भावाभावांनी घटाच्या दोन बाजू धरायच्या. रोपं ज्याच्याकडं झुकतील त्याला देवीनं दिलं, अशी पोशीरच्या या घराची जुनी रीत. यंदा भांडण होतं रस्त्याकडच्या शेताचं. धाकटा ऋषिकेश ते कसत होता, त्याची चूल त्यावरच पेटायची. कमलेशला ते फार्महाऊसवाल्याला विकायचं होतं.

"बगा आबा, देवीच बोलली," कमलेश हात जोडून म्हणाला. एरवी उदबत्ती लावायची झाली तरी बायकोला हाक मारणारा हा भक्त!

देवघराला खिडकी नव्हती. आबाजी उठले, डाव्या कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीकडं गेले आणि मागं हात घातला. हाताला चार्जिंगचा बल्ब लागला. अजून कोमट होता.

"रातभर पेटवतोस व्हय रं? अंधारातलं रोप उजेडाकडंच वाकनार! शी! किळस येते तुजी. देवीला फसवतोस, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतोस? माज्या पोटी असलं शेण कसं निपजलं!"

कमलेशनं मान खाली घातली. ऋषिकेशच्या डोळ्यांत पाणी आलं. आबाजींना थोरल्याचं तोंडही बघवेना. चाळीस वर्षांमागं याच घटानं हेच शेत त्यांच्या पदरात टाकलं होतं. तेव्हा त्यांचा थोरला भाऊ हू की चू न करता उठून गेला होता. भाऊ लवकर वारला आणि त्याची बायको सुंदरा जन्मभर त्याच शेतात मजुरीनं लावणी करत राहिली. देवीनं दिलेलं शेत, आणि त्यावर या नालायकानं असा डाव टाकावा!

सुंदरा उंबऱ्याशी बसून आजची झेंडूची माळ ओवत होती. आता तिचे केस पार पांढरे झाले होते. तिनं शेवटचं फूल ओवलं, दोऱ्याला गाठ मारली आणि मान वर केली.

"भावजी, कणगीमागं हात बरा सरळ गेला तुमचा," ती म्हणाली. "आमच्या येळंला तितं कंदील हुता."