दीनानाथांचं इन्स्पेक्शन

हेर बाउअरने गालिच्याचा तुकडा आणून फरशीवर पसरला आणि दीनानाथांनी खिशातून पुडी काढून त्यावर मूठभर चिवडा सांडला. बाउअर या जर्मन दुकानातला विक्रेता; 'हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. पहिल्या शनिवारी हा प्रकार बघून तो ओरडायचाच काय तो बाकी राहिला होता. आज सहावा शनिवार. आज त्याने व्हॅक्यूमचं मशीन सुरू करायच्या आधी पुडीतले दोन शेंगदाणे उचलून तोंडात टाकले.

मशीन फिरलं. पोहे गेले, डाळं गेलं. कढीपत्त्याचं पान मात्र तोंडाशीच राहिलं.

"अडकलं," दीनानाथ समाधानाने म्हणाले.

दीनानाथ सबनीस चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. त्यांच्या हाताखालून सदोष माल कधी सुटला नाही आणि निर्दोष माल कुरकुर ऐकल्याशिवाय सुटला नाही. जर्मनीत नेकारसुल्मला मुलगा उत्कर्ष आणि नात इरा यांच्याकडे राहायला आले तेव्हा सून मैथिली सहज म्हणाली होती, "बाबा, इराच्या बिस्किटांचा चुरा सोफ्यात, गाडीत, सगळीकडे असतो. हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम घ्यायचाय. तुम्हीच निवडून द्या ना." बिचारीला वाटलं, एका दुपारचं काम आहे.

पहिल्या शनिवारी उत्कर्ष त्यांना शेजारच्या हाइलब्रॉन शहरातल्या या मोठ्या दुकानात घेऊन आला. इथे पहिलंच मशीन उत्तम निघालं. हलकं, ओढ जोरात, फिल्टर धुता येणारा. दीनानाथांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आवाज जास्त आहे." त्यानंतर एक मशीन बॅटरीवर नापास झालं, एक वजनावर आणि एक रंगावर. चुरा ओढायच्या यंत्राचा रंग कोण बघतं, असं विचारायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

खरं कारण वेगळंच होतं. उत्कर्ष मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी साडेसहाला घराबाहेर. संध्याकाळी परतला की इरा त्याच्या गळ्यात, आणि ती झोपली की हा लॅपटॉपसमोर. रविवारी दुकानं बंद आणि घरात पाहुणे. बापलेकांना एकमेकांशी बोलणं तसंही कधी जमलं नव्हतं. पण मधे एखादं मशीन असलं की जमायचं. मोटर कुठली, बेअरिंग कसलं, प्लॅस्टिक किती दिवस टिकेल. मग कोपऱ्यावरच्या बेकरीत दोघांत एक ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, कॉफी, आणि बोलता बोलता बेअरिंगवरून गाडी कशी कोण जाणे उत्कर्षच्या पहिल्या सायकलवर यायची. उत्कर्ष पोटभर हसायचा. इतक्या वर्षांत दीनानाथांना आपला मुलगा खऱ्या अर्थाने भेटला तो या शनिवारांत. एक मशीन पास केलं की शनिवार संपले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण आज त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. परवा त्यांचं विमान होतं. सकाळी मैथिलीने सोफ्याच्या गाद्या उचलून खालचा चुरा त्यांना दाखवला होता. त्यातून उत्कर्ष आल्यापासून सारखा घड्याळ बघत होता. कंटाळला पोरगा, दीनानाथांच्या मनात आलं. आठवडाभर राबतो, एक निवांत सुटी मिळते, तीही बाप दुकानात घालवतो. चिवड्याची पुडी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

मग फळीपाशी जाऊन त्यांनी पहिल्या शनिवारचं ते मशीन उचललं.

"हे घेऊन टाक. पास."

उत्कर्षचा चेहरा उतरला. का, ते दीनानाथांना कळेना.

"नक्की का, बाबा? तिकडे दोन नवीन मॉडेल आलीयेत. ती तर तुम्ही बघितलीच नाहीत."

"पास म्हटलं ना."

हेर बाउअरला इतका आनंद झाला की खोकं तो स्वतःच काउंटरवर घेऊन गेला आणि कॉम्प्युटरमध्ये नाव घालू लागला.

"नको नको, नाव नको," उत्कर्ष घाईघाईने म्हणाला.

"गॅरंटीसाठी लागतं," बाउअर म्हणाला. सहा शनिवारांत सबनीस हे आडनाव त्याला तोंडपाठ झालं होतं. नाव घालून झाल्यावर तो पडद्याकडे बघत राहिला. मग दीनानाथांनाही समजावं म्हणून इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाला, "तर, हेर सबनीस, हे मशीन तुमच्या नावावर आधीच आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी नेलंय. दुसरं हवंय का?"

उत्कर्षचे कान लाल झाले.

"कुठंय ते?" दीनानाथांनी विचारलं.

"ऑफिसात. टेबलाखाली." उत्कर्ष खोक्याकडे बघत बोलत होता. "त्याच शुक्रवारी घरी आणणार होतो. पण तुम्ही दारातच विचारलंत, उद्या किती वाजता निघायचं. मग नाही आणलं. आज तर शेवटचा शनिवार, किती वेळ उरलाय तेच सारखं बघत होतो."

एकतीस वर्षांत दीनानाथांच्या नजरेतून एवढी मोठी गोष्ट कधी सुटली नव्हती. त्यांना खूप बरं वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते चष्मा पुसत बसले. दुकान बंद व्हायला अजून दोन तास होते.

चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय रे," ते म्हणाले, "वॉशिंग मशीनं कुठल्या मजल्यावर असतात इथे?"