पहिल्या हाकेला ओ

खंडेरावांनी शिट्टी वाजवली. बुधा रेषेवर वाकला होता तो तसाच वाकलेला राहिला.

त्यांनी पुन्हा वाजवली. आता बुधा सुटला, आणि चिंचणीच्या ओल्या वाळूवरून असा गेला की बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या.

"लेका, पहिल्या शिट्टीला काय झोपला होतास?" तो परत आला तेव्हा खंडेराव ओरडले.

"सायब, पयल्या हाकेला आमच्यात कोनी ओ देत नाय. भूत येकदाच हाक मारतं."

"ही हाक आहे का? शिट्टी आहे!"

"शिट्टीनं बोलावता कोनाला? मलाच ना?"

खंडेरावांनी शिट्टी खिशात टाकली. ते साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, आता तारापूरला वीजघराच्या बांधकामावर मुकादम. बुधा मनोरजवळच्या पाड्यावरचा, त्यांच्याच हाताखाली खडी वाहणारा. डोक्यावर भरली पाटी घेऊन तो मोकळ्या हातांच्या माणसांना मागे टाकायचा. तिथेच खंडेरावांनी त्याला हेरला. जिल्हा झाला, राज्य झालं, दिल्लीची निवडही झाली. सगळीकडे युक्ती एकच. खंडेराव रेषेमागे उभे राहायचे आणि पिस्तुलाचा बार होताच "बुध्याऽ!" म्हणून किंचाळायचे. बार ही पहिली हाक, किंचाळी ही दुसरी. बुधा सगळ्यांच्या मागून निघून सगळ्यांच्या आधी पोचायचा.

पण आता सहासष्टच्या आशियाई स्पर्धेसाठी बँकॉकला जायचं होतं. तिथे खंडेरावांना फार तर प्रेक्षकांत बसायला मिळणार होतं, आणि तिथल्या गड्यांना आधी सोडून मागून गाठणं जमण्यासारखं नव्हतं. बांधकामावरच्या मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता, पदक आणलं तर बुधा कायम. नाहीतर वीजघर उभं राहिलं की बाकीच्या मजुरांबरोबर घरी.

शेवटी खंडेराव बुधाला घेऊन पाड्यावर गेले. बुधाची आई सोमी अंगणात नाचणी पाखडत होती.

"बाई, तुम्ही सांगा ह्याला. तुमचं ऐकेल."

"काय सांगू? ह्याचा बाप पयल्या हाकेला ओ देऊन गेला." सोमीचं सूप चालूच होतं. "विडी पेटती ठेवून गेला. मी विजवली नाय. म्हनलं, आता येल."

"किती वर्षं झाली?"

"विडी कवाच विजली."

खंडेराव तिच्यासमोर उकिडवे बसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, ही सगळी इथली भुतं. परदेशातली भुतं ह्याला ओळखत नाहीत."

"तिकडं मानसं मरत नाय?"

"मरतात, पण..."

"मंग वळख व्हायला कितीसा येळ लागतो?"

बुधा इतका वेळ कुडाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "जाऊ दे आये. कायम झालो तं दर साली आपल्याला कामाला गाव सोडाया नको. पयल्या बाराला पळन मी."

सोमीने सूप खाली ठेवलं. "पळ. पन आदी इचार, कोन बोलावतंय."

"शंभर मीटरमध्ये विचारायला वेळ नसतो," खंडेराव म्हणाले.

"म्हनूनच सांगते."

निघायच्या आठवड्यात बुधा पहिल्या शिट्टीला सुटू लागला. त्या आनंदात खंडेरावांनी दातिवऱ्याहून पापलेट मागवलं आणि एकट्यानेच खाल्लं. धावणाऱ्याने जड खाऊ नये, असं त्यांचं मत होतं.

बँकॉकला प्राथमिक फेरीत बुधाला अगदी कडेचा पट्टा मिळाला. ऊन मी म्हणत होतं. रेषेमागे लाल कोट घातलेला माणूस कधीचा उभा होता. एवढ्या उन्हात त्याच्या कोटाला घामाचा डाग नव्हता.

"जागा घ्या," तो म्हणाला.

कोणत्या भाषेत म्हणाला ते बुधाच्या लक्षात आलं नाही, पण कळलं. बाकीच्या देशांच्या गड्यांनाही आपापलं कळलं असावं, कारण सगळे एकदम वाकले.

"तयार."

बार झाला.

सगळे सुटले. बुधाने सगळा जीव पायांत आणला. पाय उठले नाहीत. डोळ्यांपुढे कायमची नोकरी आली, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन चाललेली आई आली, तरी पाय उठले नाहीत. वर प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. मग ती अख्खी रांग हसली. खंडेरावांनी टोपी तोंडावर ओढून घेतली; किंचाळायचंही त्यांना सुचलं नाही.

बुधा कान टवकारून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. ती आली नाही.

बाकीचे फीत तोडून गेले आणि थांबले नाहीत. त्यांनी वळण घेतलं. एव्हाना ते एकामागे एक झाले होते, पावलाला पाऊल जुळत होतं, आणि हात कोणीच हलवत नव्हतं. त्याच वेगाने ते पलीकडच्या फाटकातून बाहेर गेले. हसणं एका टोकापासून विझत गेलं. लोक फाटकाकडे बघत बसले. तिकडून कोणी परत येईना.

संपलं, असं बुधाला वाटलं. उद्यापासून पुन्हा खडी. तो उठला आणि मान खाली घालून रेषेवरच उभा राहिला.

तेवढ्यात खेळाडूंच्या खोल्यांकडून एक म्हातारा घामाघूम होऊन धावत आला. लाल कोटाच्या दुसऱ्या बाहीत अजून त्याचा हात जायचा होता, आणि काखेत पिस्तुलाची पेटी होती. उशीर झाला म्हणून त्याने बुधापुढे हात जोडले, पेटीचं कुलूप काढलं, आणि बाकीचे खेळाडू कुठे आहेत, असं खुणेने विचारलं.